मायचा आठ नंबर

आमच्या घरात पदवी एकच आहे आणि ती माझ्याकडे आहे. बी.एस्सी., रसायनशास्त्र, सेकंड क्लास. ती काचेच्या चौकटीत घालून पुढच्या खोलीत देवांच्या फोटोंच्या रांगेत लावलेली आहे. माय सकाळी उदबत्ती ओवाळते तेव्हा तिलाही ओवाळते. (मी एकदा म्हटलं, "माय, तो कागद आहे." ती म्हणाली, "बाकीचे काय लोखंडाचे आहेत?") त्यामुळे घरात कसलाही प्रश्न निघाला, म्हणजे शेगडी पिवळी जळतेय, भात खालून करपतोय, मोबाईलवर कुणीतरी लॉटरी लागल्याचं कळवतंय, की सगळे माझ्याकडे बघतात. आणि मी उत्तर देतो. येत असो वा नसो. शिकलेल्या माणसाने गप्प बसणं बरं दिसत नाही.

आम्ही मूळचे शिंदखेड्याकडचे. आबा पहिल्यांदा सिल्वासात आले, धाग्याच्या कारखान्यात मशिनवर लागले, ते अजून तिथेच आहेत, कायम रात्रपाळीला. मागून माय आली. ती बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या कारखान्यात पॅकिंगच्या बेल्टवर लागली. बेल्टवर उभं राहायचं असतं. मी मसाटला रंगाच्या कारखान्यात, क्वालिटीच्या लॅबमध्ये. तिथे बसायचं असतं. आमच्या घराची सगळी प्रगती यात आली: दोघं उभे राहिले म्हणून तिसरा बसला. (तरी कंबर माझीही दुखते. पण ती लॅबमधल्या खुर्चीमुळे, असं माझं त्या वेळचं शास्त्रीय मत होतं.) मी बूट घालून चालतो तेव्हा टपक-टपक असा आवाज होतो, लॅबमधल्यांना मी येतोय हे लांबूनच कळतं. त्यांना त्यात रुबाब वाटतो असा माझा समज होता.

तर गोष्ट मायच्या टाचेची आहे.

सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टाकलं की माय भिंत धरायची. पाच-सहा पावलं झाली की भिंत सोडायची, दिवसभर बेल्टवर उभी राहायची आणि संध्याकाळी आली की परत भिंत. विचारलं तर म्हणायची, "मुंग्या आल्यात." दोन महिने रोज त्याच वेळेला, त्याच टाचेला मुंग्या. मुंग्यांचीसुद्धा एवढी शिस्तीची शिफ्ट नसते. शेवटी डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, टाचेखाली सूज आहे, ती टाच वाचवायला या वाकड्या उभ्या राहतात, म्हणून कंबरही धरली आहे. मऊ गादीची चप्पल घाला, कडक फरशीवर पातळ चपलेत उभ्या राहू नका.

त्याच आठवड्यात माय कामावर झाकणांच्या खोक्याला टेकली. दोनच मिनिटं. तेवढ्यात तिचे सुपरवायझर पांडेजी आले. माणूस वाईट नाही, पण बेल्ट काही त्यांच्या ऐकण्यातला नाही. ते म्हणाले, "मौसी, पंद्रह दिन देखते हैं. पैर ठीक नहीं हुआ तो घर पे आराम करो."

माय घरी आली आणि तिने "आराम" हा शब्द असा उच्चारला, जसा आमच्या चाळीत "साप" हा शब्द उच्चारतात.

"सोळा वर्षं उभी राहिले, कुणी काही बोललं नाही," ती म्हणाली. "आता मला बसवून राहिलेत."

"मग बस ना. मी कमावतो की."

"तू कमव, भाऊ. मी काय दिवसभर तुझ्या त्या कागदापुढं बसू?"

आबा कामावर निघायच्या तयारीत होते. ते म्हणाले, "तिला घरी बसवू नको रे दिनू. ती घरी बसली तर मला झोपू देणार नाही." (आबा दिवसा झोपतात.) पण हे बोलताना त्यांचाही एक हात कमरेवर होता. तो मला दिसला. मी त्याची नोंद घेतली नाही, कारण आबांची कंबर हा त्या दिवशीचा विषय नव्हता. मी एका वेळी एकच विषय घेतो. आमच्या कॉलेजात तसंच शिकवायचे.

"पंधरा दिवस ना?" मी म्हटलं. "माझ्यावर सोडा."

दुसऱ्या दिवशी मी लॅबमधली स्टीलची पट्टी घरी आणली. चप्पल आणून मायला चकित करायचं असल्यामुळे तिचा पाय मोजणं शक्य नव्हतं. पण दाराशी तिची चप्पल होती, निळ्या पट्ट्यांची, रबराची, टाचेशी कागदासारखी पातळ झालेली. मी ती उलटी केली, पुसली, आणि टाचेपासून अंगठ्यापर्यंत मोजली. एकदा नाही, तीनदा. तीन मापं घ्यायची आणि सरासरी काढायची, ही शास्त्राची पद्धत आहे. तिन्ही मापं सारखीच आली तरी मी सरासरी काढली.

ते माप घेऊन मी आमलीच्या नाक्यावर कांतिभाईंच्या चपलांच्या दुकानात गेलो. कांतिभाई गेली कित्येक वर्षं गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे न बघता पायाकडे बघून बोलतात.

"एमसीआरची पाहिजे," मी म्हटलं. (एमसीआर म्हणजे आत छोटी-छोटी हवेची छिद्रं असलेलं रबर. लोक त्याला डॉक्टर चप्पल म्हणतात. मी एमसीआर म्हणतो.) "लेडीज. एवढं माप."

कांतिभाईंनी कागदावरचा आकडा बघितला. "आ तो आठ नंबर छे. जेन्ट्स?"

"लेडीज."

"लेडीजमां आठ नाय येत, भाई. एवढा पाय लेडीजचा नसतो."

मला राग आला. दुकानात आणखी दोन-तीन गिऱ्हाइकं होती, त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणालो, "माझ्या आईचा आहे. सोळा वर्षं उभं राहून काम केलेल्या बाईचा पाय आहे, कांतिभाई. कष्टाचे पाय मोठे होतात."

गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. एक बाई तर मान हलवायला लागली. कांतिभाईंनी प्रथमच माझ्या तोंडाकडे बघितलं, मग पुन्हा पायाकडे बघितलं, आणि जेन्ट्सची तपकिरी जोडी काढून पुड्यात बांधली.

घरी मी तो पुडा चाळीसमोर सोडला. म्हणजे मुद्दाम नाही, पण संध्याकाळची वेळ होती, बायका ओट्यावर होत्या, दार उघडं होतं. मायने चप्पल घातली, दोन पावलं टाकली. तिसऱ्याला चप्पल तिथेच राहिली आणि माय पुढे गेली.

"नवीन आहे, सवय होईल," मी म्हटलं.

"लई मऊ आहे," माय म्हणाली. तिने मागे येऊन पुन्हा पाय घातला. "वरणभातात पाय टाकल्यासारखं."

मग मी एक छोटं भाषण केलं: माप तीनदा मोजून घेतलंय. या रबरात स्मृती असते, ते पायाचा आकार धरून ठेवतं, म्हणून ही चप्पल ज्याची त्यानेच घालायची, दुसऱ्या कुणी घातली तर तिचा गुण जातो. हे मी कुठे वाचलं होतं ते आठवत नाही. बहुतेक वाचलं नव्हतं. आणि मायने जुन्याकडे वळू नये म्हणून तिची निळी चप्पल मी तिच्यासमोर कचऱ्याच्या गाडीत टाकली. मायचा हात ती धरायला पुढे झाला होता. मला वाटलं, आशीर्वाद द्यायला.

प्रयोग सुरू झाला. मी लॅबमधली एक वही घेतली आणि रकाने पाडले: दिवस, टाच, कंबर, शेरा. आबा आठला रात्रपाळीहून यायचे, माय साडेआठला निघायची, माझी बस आठ पंचविसाला. म्हणजे सकाळी पंधरा-वीस मिनिटं तिघं एकत्र असायचो. तेवढ्यात नोंद.

"माय, पहिलं पाऊल टाकलं तेव्हा किती दुखलं? दहापैकी सांग."

"काल किती लिहिलं होतं?"

"सहा."

"मग पाच लिही."

"अगं, मी सांगायचं नाही, तू सांगायचं."

"पाच लिहिलं तर पांडेजी ठेवतील का?"

"पांडेजी वही बघणार नाहीत."

"मग खरं लिही. आठ."

आठ. चप्पल येण्याआधी सहा होतं. मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: "शरीर जुन्या सवयी सोडताना विरोध करते."

आबा चहा ओतून घेत होते. ते म्हणाले, "माझं दोन लिही."

"आबा, तुमचं विचारलं नाही."

"नाही, आधी सात होतं. म्हणून सांगून राहिलो."

मी लिहिलं नाही. प्रयोगात एकच माणूस होता. त्यात दुसरा घुसवला की निष्कर्ष बिघडतात.

आणि इथून पुढे निष्कर्ष असे बिघडत गेले की माझी झोप उडाली. चौथ्या दिवशी सकाळी बसला निघताना मी दाराशी मायची चप्पल तपासायला उचलली. चप्पल गरम होती. माय तेव्हा आत पोळ्या लाटत होती, अनवाणी. सकाळचे सव्वाआठ, चप्पल रात्रभर कुणी घातलेली नाही, आणि आतून चांगली कोमट, भाकरी नुकतीच दुरडीत ठेवल्यासारखी. मी बसमध्ये विचार करत बसलो. शेवटी मला आठवलं की काही रासायनिक क्रियांमध्ये उष्णता बाहेर पडते. वहीत लिहिलं: "रबरात मंद उष्मादायी क्रिया. सुजेला शेक मिळत असावा. उत्तम." हे वाक्य मी लॅबमधल्या एकालाही वाचून दाखवलं नाही, एवढी अक्कल मला होती.

सहाव्या दिवशी चपलेला तेलाचा वास आला. साधा नाही, सुताला कारखान्यात जे तेल लावतात त्याचा. तो वास मी लहानपणापासून ओळखतो, आमच्या घराचा वासच तो आहे. मी मायला विचारलं, "तुमच्या खात्यात तेल सांडतं का?"

"झाकणांना कशाला तेल?"

"मग चपलेला वास कसला?"

मायने आबांकडे बघितलं. आबांनी चहाच्या कपात बघितलं. "हवेतून येत असेल," आबा म्हणाले. "सिल्वासाची हवा आहे ही."

मला ते पटलं. सिल्वासाच्या हवेबद्दल काहीही सांगितलं तरी पटतं.

संध्याकाळचं कोडं वेगळंच होतं. त्या पंधरवड्यात मला लॅबमधून सुटायला उशीर व्हायचा, मी घरी यायचो तेव्हा आबा कामावर गेलेले असायचे आणि दाराशी चप्पल नसायची. "चप्पल कुठंय?" "कपाटात ठेवली, भाऊ. जपून." यात मला काही वावगं वाटलं नाही, कारण नवीन वस्तू कपाटात ठेवणं हा मायचा धर्म आहे. मी पहिल्या पगारात तिला आणलेली साडी अजून घडीतच आहे, दर दिवाळीला ती ऊन दाखवून परत आत ठेवते. मी उलट कौतुकाने लिहिलं: "रुग्ण उपकरणाची काळजी घेतो."

आणि आबा? आबा शीळ घालायला लागले. वीस वर्षं रात्रपाळीहून येताना हा माणूस दाराची चौकट धरून आत यायचा. आता सरळ येतो, ओट्यावरची बादली उचलतो, शेजाऱ्यांची पण भरून देतो. माय मात्र दिवसेंदिवस वाकतेय. दहाव्या दिवशी आकडा नऊवर गेला. मी वहीत आलेख काढला, आणि पहिल्यांदाच शेजारी आबांचीही रेघ ओढली. चप्पल मायला आणि आराम आबांना, असा तो आलेख सांगत होता. मी तो दोनदा तपासला, मग वही उलटी करून बघितली. कुठल्याच बाजूने अर्थ लागला नाही. तेव्हा मी ठरवलं की आलेख चुकला आहे.

सोमवारी पंधरा दिवस पुरे होणार होते. रविवारी मायने सकाळीच डब्याची पिशवी धुवून वाळत घातली होती, आणि ती पिशवी ती फक्त दिवाळीच्या सुट्टीआधी धुते. तिची काम सोडायची तयारी चालली होती. मला ते बघवेना.

"आज दादऱ्याच्या बागेत जाऊ," मी म्हटलं. "तिथं तळ्याभोवती सपाट रस्ता आहे. तीन फेऱ्या मारायच्या. माझ्या डोळ्यांसमोर चाल. काय बिनसतंय ते मला बघू दे."

मग निघताना दाराशी जे झालं ते मला त्या वेळी प्रेम वाटलं. रविवार म्हणजे दोघंही घरी. दाराशी तपकिरी जोडी आणि आबांची स्वतःची निळी रबरी जोडी.

"घाला तुम्ही," माय म्हणाली.

"नाही, तू घाल वं. तुझी आहे."

"तुमची कंबर..."

"श्श."

"मी बिनचपलेची येते. मातीत पाय बरा वाटतो."

"माय," मी म्हटलं, "चप्पल तुझी, प्रयोग तुझा. घाल."

मायने घातली. परीक्षेला बसल्यासारखी.

बागेत मी त्यांना पुढे काढून दिलं आणि स्वतः तळ्यावरच्या पुलावर उभा राहिलो, वही घेऊन. तिथून सगळं तळं दिसतं. पहिल्या अर्ध्या फेरीत माय बदकासारखी चालत होती, प्रत्येक पावलाला बोटांनी चप्पल धरून ठेवत. आबा मागून कमरेवर हात ठेवून. मग झाडांआड दोघं दिसेनासे झाले. बाहेर आले तेव्हा आबा ताठ, हात मोकळे सोडून, पायांत तपकिरी चप्पल. माय हातात निळी चप्पल घेऊन हिरवळीवरून अनवाणी चालत होती आणि हसत होती. पंधरा दिवसांत पहिल्यांदा.

कुठल्याही अडाणी माणसाला हे बघून कळलं असतं. मी वहीत लिहिलं: "हिरवळ गुणकारी."

मात्र तेवढ्यात मला एक गोष्ट जाणवली आणि मी संतापलो. ही चप्पल मायला चालत नाही म्हणजे चप्पलच खोटी आहे. मी खाली गेलो, आबांच्या पायांतून ती काढून घेतली (त्यांच्या पायांत कशी आली हे विचारलंसुद्धा नाही), उलटी केली. तळवा चपटा. रबराचा जीव गेलेला. पंधरा दिवसांत.

"फसवलं," मी म्हटलं. "चला दुकानात."

"राहू दे ना भाऊ," माय म्हणाली. "त्या माणसाला कशाला त्रास."

"माय, अशा वेळी शिकलेला माणूस गप्प बसला तर बाकीच्यांनी काय करायचं?"

"जेवायला जायचं," आबा म्हणाले.

पण मी रिक्षा थांबवली होती. आबा अनवाणी बसले, माय त्यांची निळी चप्पल घालून, आणि मी तपकिरी जोडी मांडीवर घेऊन, पुरावा म्हणून.

रविवारमुळे दुकानात गर्दी होती. मला तेच हवं होतं. मी चप्पल काउंटरवर आपटली आणि म्हणालो, "कांतिभाई, पंधरा दिवस. एका बाईने, दिवसातून एक पाळी घातलेली चप्पल. बघा."

कांतिभाईंनी चष्मा लावला. चप्पल उजेडात धरली, तळव्यावरून अंगठा फिरवला, वास घेतला. डॉक्टरांनी मायची टाच एवढ्या काळजीने बघितली नव्हती.

"आ बे जणनी छे," ते म्हणाले.

"काय?"

"दोन माणसांची. जुओ. एक माणूस टाचेवर दाबून चालतो, वजनदार, जेन्ट्स. दुसरा माणूस बोटांनी पकडून चालतो, हलका. आणि चप्पलला सुट्टी नाय मिळाली. दिवस-रात्र. रबरला पण फुगायला टाइम लागतो, भाई."

मी हसलो. "घरात एकच रुग्ण आहे."

"मारे शुं, मला काय. चप्पल बोलते ते सांगतो."

मी मागे वळलो. आबा दुकानाच्या पंख्याकडे बघत होते. माय पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"आबा?"

"चप्पल रात्रभर नुसती पडून राहणार होती रे, तुझी माय झोपते तेव्हा," आबा म्हणाले. "मी इथं आलो तेव्हा रूमवर सहा माणसं होती आणि खाटा तीन. दिवसपाळीचा उठला की रात्रपाळीचा आडवा. खाट कधी थंड झाली नाही. मग एवढी चांगली चप्पल रात्रभर रिकामी ठेवायची म्हणजे..."

गरम चप्पल, तेलाचा वास, कपाट, शीळ. पंधरा दिवसांची सगळी कोडी ओळीने सुटली, भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर. माझी उष्मादायी क्रिया म्हणजे आबांचे पाय होते.

"पण मग मायला गुण का नाही आला?" मी म्हटलं. हा माझा शेवटचा बुरूज होता. "अर्धा दिवस तर तिनेच घातली ना?"

कांतिभाईंनी काउंटरखालून पाय मोजायची लाकडी फळी काढली, जमिनीवर ठेवली आणि मायला म्हणाले, "बेन, पग मूको."

मायने आबांची निळी चप्पल काढली आणि फळीवर पाय ठेवला. मी खाली वाकून बघितलं. पाय फळीवर इतका आखूड होता की मला वाटलं तिने नीट पुढे सरकवला नाही.

"चार," कांतिभाई म्हणाले.

"चार काय?"

"नंबर. चार."

मी मायकडे बघितलं. "तुझी निळी चप्पल तर आठची होती. मी मोजली. तीनदा."

"ती माझी कुठं होती?" माय म्हणाली. "ती यांची. यांची झिजली की मी घालते. नेहमीचंच आहे."

"किती वर्षं?"

मायने आबांकडे बघितलं. आबांनी मनात काही हिशेब केला आणि सोडून दिला.

चार नंबरच्या पायात आठ नंबरची चप्पल, बोटांनी धरून, सोळा वर्षं, बेल्टवर. मी तिच्या दुखण्याचं कारण तंतोतंत मोजलं होतं आणि दुकानातून तेच नवीन करून आणलं होतं, जरा मऊ.

"माय, तू पहिल्या दिवशीच का नाही बोललीस?"

"तू म्हणालास ना, तीनदा मोजलंय," माय म्हणाली. "मी म्हटलं, शिकलेल्या माणसाने तीनदा मोजलंय, तर माझा पायच चुकला असेल."

दुकानात कुणीतरी खोकलं. पंधरा दिवसांपूर्वी मान हलवणारी बाई नेमकी तिथेच होती, आणि ती आता वेगळ्या दिशेने मान हलवत होती. कांतिभाई वरच्या फळीवरून लेडीज चारची जोडी काढत होते. खाली उतरताना ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "भाई, कष्टाने पाय मोठा नाय होत. घसाई जाय छे."

घसाई म्हणजे झिजून. एवढं गुजराती मला येतं.

सोमवारी माय चार नंबरची चप्पल घालून गेली. टाचेची सूज काही एका रात्रीत उतरली नव्हती, पण ती ओट्यावरून उतरली तेव्हा चप्पल तिच्याबरोबर गेली, मागे राहिली नाही. मी दिवसभरात लॅबमध्ये दोन नमुने चुकीच्या बाटलीत ओतले. तिला काय सांगतील, ती काय सांगेल, धुतलेली पिशवी उद्या लागेल की नाही.

संध्याकाळी मी लवकर सुटून घरी पोचलो, मागोमाग ती आली. भिंत धरली, पण एकाच हाताने.

"काय म्हणाले पांडेजी?"

"काही नाही. उभे राहून बघत होते सकाळपासून. पाचला तेच स्टुलावर बसले. मी उभीच." तिने पिशवी खिळ्याला लावली, उद्यासाठी. "मग मला म्हणाले, मौसी, मेरा भी पैर दुखता है. मी विचारलं, नंबर कितीय तुमचा? त्यांना माहीतच नाही. एवढा मोठा सुपरवायझर."

आम्ही दोघं खूप हसलो. हसताना माझी कंबर दुखली, मी हात मागे नेला, आणि मायचं हसू थांबलं. तिने माझ्या पायांकडे बघितलं. कांतिभाईंसारखंच.

"तुझा नंबर किती, दिनू?"

"आठ," मी ताबडतोब सांगितलं.

"काढ बूट."

"माय, मला माझा नंबर माहीत आहे."

"काढ."

बूट काढला. मोजे काढले, दोन जोड्या, कारण बुटात दोन मोजे घालायचेच असतात असं मी समजत होतो. मायने माझी प्रयोगाची वही घेतली, कोरं पान काढलं, त्यावर माझं पाऊल ठेवायला लावलं आणि पेन्सिलने भोवती रेघ ओढली. एकदाच ओढली. मग ते पान घेऊन मला कांतिभाईंकडे पाठवलं.

"छ," कांतिभाई म्हणाले. सहा.

मी चाळीत परत आलो तेव्हा आबा रविवारीच घेतलेल्या स्वतःच्या नव्या आठ नंबरात कामावर निघाले होते. मी त्यांना ओट्यावरच गाठलं. "आबा, कॉलेजला जाताना मला पहिले बूट तुम्ही आणले होते ना? माप कुणाचं नेलं होतं?"

"माझ्याच चपलेचं," आबा म्हणाले. "थोडे मोठे होते, पण मी म्हटलं, शिकतोय, पाय वाढेल."

त्यानंतर मी बी.एस्सी. झालो, नोकरीला लागलो, बुटांचे चार जोड घेतले, सगळे आठ नंबरचे, आणि लॅबभर टपक-टपक करत रुबाबात फिरलो. आता तिशी आली. पाय अजून वाढायचाच आहे.